पाण्यातून गाळलेला धूर

विजापूरच्या आदिलशाही दरबारातलं काम आटोपून असद बेग नावाचा मुघल अधिकारी १६०४ च्या सुमारास आग्र्याला परतला. येताना त्याने अकबरासाठी बऱ्याच मौल्यवान वस्तू आणल्या होत्या. त्यातली एक वस्तू अशी होती, जी त्याने स्वतःही विजापूरला जाईपर्यंत हिंदुस्थानात कुठे पाहिली नव्हती. तंबाखू. नुसती पानं नेऊन बादशहासमोर टाकायची नसतात, एवढं त्याला कळत होतं. त्याने तीन हात लांबीची नळी मिळवली, तिच्या दोन्ही टोकांना रत्नं आणि मिनाकाम करून घेतलं. तोंडाला लावायला येमेनी अकीकाचा लंबगोल तुकडा बसवला. पेटवायला सोन्याचं पात्र. आदिलशहाने त्याला पानाचा एक सुंदर बटवा भेट दिला होता, त्यात उत्तम तंबाखू भरली. नळी ठेवायला चांदीचं नळकांडं, त्यावर जांभळी मखमल. हे सगळं चांदीच्या तबकात मांडून तो दरबारात गेला.

असद बेगने हा प्रसंग स्वतःच लिहून ठेवला आहे. वाचताना मला सारखे यूट्यूबवरचे अनबॉक्सिंगचे व्हिडिओ आठवत होते.

अकबराने दोन-तीन झुरके घेतले आणि त्याचा हकीम अस्वस्थ झाला. या वनस्पतीचा आपल्या ग्रंथांत उल्लेख नाही, आपल्याकडे कुणी ती पारखलेली नाही, फिरंगी ओढतात म्हणून आपण का ओढावी, असा त्याचा आक्षेप होता. त्याआधी खान-ए-आझमने बादशहाला सांगितलं होतं की ही मक्का-मदिनेतही माहीत असलेली वस्तू आहे आणि असद बेगने ती औषध म्हणून आणली आहे. असद बेगने हकिमाला उत्तर दिलं ते आजच्या कुठल्याही स्टार्टअपवाल्याने द्यावं तसं. जगातली प्रत्येक रीत कधीतरी नवीनच होती. चोपचिनी तरी जुन्या ग्रंथांत कुठे होती, आज ती कितीतरी रोगांवर देतातच ना? बादशहाला हा युक्तिवाद आवडला. तंबाखू मात्र त्याने पुढे काही ओढली नाही. सरदारांनी ओढली. प्रत्येकाने असद बेगकडे थोडी थोडी मागून घेतली, मग व्यापाऱ्यांनी ती विकायला आणली आणि बघता बघता सवय पसरली. १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखूवर बंदी घातली. बंदीचं पुढे काय झालं, हे कुठल्याही चौकात उभं राहिलं तर दिसतं.

या गोष्टीत मला रस वाटला तो हकिमामुळे. कारण हुक्क्याच्या जन्माची जी कथा सांगितली जाते, तिच्यातही एक हकीम आहे. अकबराच्या दरबारातला अबुल फतह गिलानी. तंबाखूचा धूर बाधतो तर तो आधी पाण्यातून जाऊ द्यावा, म्हणजे निवेल आणि शुद्ध होईल, अशी कल्पना त्याने काढली आणि त्यातून हुक्का जन्मला, असं म्हणतात. अडचण एवढीच की अबुल फतह १५८९ मध्ये वारला. असद बेग तबक घेऊन आला त्याच्या पंधराएक वर्षं आधी. तारखा जुळत नाहीत, पण कथा चारशे वर्षं टिकली आहे, कारण लोकांना ती हवी होती. धुराचा दोष धुरात नसून धूर ओढण्याच्या पद्धतीत आहे, आणि एखादा हुशार माणूस नवीन उपकरण बनवून तो दोष काढून टाकू शकतो, हे ऐकायला कुणाला आवडणार नाही?

पाण्याने धूर थंड होतो, हे खरं. थंड झाला की घशाला लागत नाही, लागत नाही म्हणून माणूस जास्त खोल आणि जास्त वेळ ओढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ मधल्या टिपणानुसार तासाभराच्या हुक्क्याच्या बैठकीत एका सिगारेटच्या शंभर ते दोनशे पट धूर छातीत जाऊ शकतो. पाणी तिथे गाळणीचं काम फारसं करत नाही, ते आवाज करतं. गुडगुडी हे नाव त्या आवाजावरूनच पडलेलं.

आता मी हे सगळं का वाचत बसलो होतो, ते सांगतो. माझं गाव वेल्ह्यात, तोरण्याच्या पायथ्याच्या अंगाला. तालुक्याला आता राजगड म्हणायचं, पण एसटीत बसलं की अजून वेल्हंच तोंडात येतं. (तसं हे नाव नवीनही नाही. हा सगळा मुलूख भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानात होता आणि संस्थानातल्या तालुक्यांना किल्ल्यांचीच नावं होती: विचित्रगड, प्रचंडगड, राजगड. ८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन झालं आणि ती नावं कागदात गेली.) मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. घरात इंजिनिअर झालेला पहिलाच, त्यामुळे कोणता फोन घ्यावा, इन्व्हर्टर किती व्हीएचा लागेल, टीव्हीला वायफाय का लागत नाही, हे सगळे प्रश्न माझ्याकडे येतात. गेल्या वर्षी माझ्या चुलतभावाने, दादाने, त्यात एक नवीन प्रश्न टाकला. तो पिकअप चालवतो, पहाटे भाजी भरून नसरापूरमार्गे मार्केट यार्डला. दिवसाला एक पाकीट सिगारेट. मुलगी झाली तेव्हापासून सोडायचं म्हणत होता. मार्केट यार्डात कुणाच्या तरी हातात त्याने वेप पाहिलं होतं.

"तू कॉम्प्युटरवाला, तुला त्यातलं कळतंय," तो म्हणाला. "चांगलं वेप कंचं घ्यावं, सांग."

मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण कळून घ्यायला एक रविवार पुरला. आतून ते यंत्र फार साधं आहे. एक लिथियम बॅटरी, साधारण ३.७ व्होल्टची. तारेची एक छोटी कॉइल. कॉइलमध्ये कापूस. कापसात मुरलेलं द्रव: प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वास आणि निकोटीन. झुरका घेतला की कॉइल तापते, द्रवाची वाफ होते. कॉइल १.२ ओहमची असेल तर अकरा-साडेअकरा वॅट, म्हणजे बारावीच्या भौतिकशास्त्राचं एक उदाहरण. ओहम कमी केले की वाफ जास्त. लोक इंटरनेटवर यावर जे तासन् तास वाद घालतात, ते मुळात एवढ्यावरच. महत्त्वाचा फरक तापमानाचा. झुरका घेताना सिगारेटचं टोक ९०० अंशांच्या आसपास पोचतं आणि पानं जळतात; डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड त्या जळण्यातून येतात. वेपमध्ये जळत काही नाही, निदान जळू नये अशी रचना असते.

ही कल्पनाही वाटते तेवढी नवी नाही. हर्बर्ट गिल्बर्ट नावाच्या अमेरिकन माणसाने धूर नसलेल्या, तंबाखू नसलेल्या सिगारेटचं पेटंट १९६५ मध्येच मिळवलं होतं. ते कुणी बनवलं नाही. आज जे उपकरण आपण ओळखतो ते २००३ च्या सुमारास चीनमधल्या होन लिक या औषधनिर्मात्याने तयार केलं. तो स्वतः भरपूर सिगारेटी ओढायचा आणि त्याचे वडीलही. पुन्हा औषधवालाच, हे मला लक्षात ठेवण्यासारखं वाटलं.

आणि दादाचा प्रश्न वेडेपणाचा नव्हता. २०१९ च्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. सिगारेट सोडू पाहणारी ८८६ माणसं, निम्म्यांना निकोटीनचा गम किंवा पॅच, निम्म्यांना पुन्हा भरता येणारं साधं वेप आणि मिलिलिटरला १८ मिलिग्रॅम निकोटीनची बाटली. दोन्ही गटांना दर आठवड्याला समुपदेशन. वर्षाने वेप गटातले १८ टक्के लोक सिगारेटमुक्त होते, दुसऱ्या गटातले ९.९ टक्के. म्हणजे जवळजवळ दुप्पट. याच बातमीचा दुसरा भाग लोक सहसा फॉरवर्ड करत नाहीत: वेपने सिगारेट सुटलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही वेप ओढत होते. गमवाल्यांत गम चघळत राहिलेले ९ टक्के. सिगारेटहून वेप कमी घातक, असं मला तरी पुराव्यावरून वाटतं. पण ती सुटका कमी आणि बदली जास्त असते.

तरीही मी दादाला कोणतंच मॉडेल सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही उरलेलंच नाही. १८ सप्टेंबर २०१९ ला केंद्र सरकारने वटहुकूम काढून इलेक्ट्रॉनिक सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात बंद केली. डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याआधी पाच वर्षं, २०१४ मध्ये, आयटीसीनेही स्वतःचं इलेक्ट्रॉनिक उपकरण बाजारात आणलं होतं, तेही गेलं. सिगारेट मात्र त्याच कंपनीची, त्याच टपरीवर, कायदेशीर. या विसंगतीवर मी ऑफिसात पुष्कळ चर्चा ऐकल्या आहेत आणि त्यात तथ्य आहे. पण दादापुरता प्रश्न सोपा होता. जे मिळतं ते चोरून आलेलं. डबीवर ५० मिलिग्रॅम लिहिलंय म्हणून आत तेवढंच आहे, हे कोण तपासणार? दोन मिलिलिटरच्या पॉडमध्ये त्या हिशोबाने १०० मिलिग्रॅम निकोटीन होतं. एका सिगारेटमधून अंगात जातं ते एक-दोन मिलिग्रॅम. ज्या इंग्रजी चाचणीवर आपण भरवसा ठेवायचा, तिच्यात बाटलीवरचा आकडा खरा होता आणि दर आठवड्याला कुणीतरी विचारपूस करत होतं. टपरीच्या मागून घेतलेल्या आंब्याच्या वासाच्या डबीला ती चाचणी लागू पडत नाही.

दादाला हे पटलं नाही. "मग फिल्टरच बरी," तो म्हणाला.

फिल्टरची गोष्ट मी त्याला तेव्हाच सांगायला हवी होती असं नाही, पण सांगितली. १९५० मध्ये डॉल आणि हिल यांनी इंग्लंडमध्ये सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. लोक घाबरले आणि कंपन्यांनी फिल्टर पुढे केला. अमेरिकेत केंट नावाच्या सिगारेटने १९५२ मध्ये एक खास, शास्त्रीय फिल्टर आणला. त्याचा धागा होता निळ्या ॲस्बेस्टॉसचा. चार वर्षं लोक कर्करोगाच्या भीतीने ॲस्बेस्टॉसमधून धूर ओढत होते. पुढे फिल्टरला बारीक भोकं पाडली गेली. यंत्राने ओढून मोजलं की डांबर कमी भरायचं, माणसाने ओढलं की बोटं नेमकी त्या भोकांवर यायची. दादाने हे ऐकून हातातली सिगारेट उलटी करून पाहिली आणि मग पेटवली.

इथपर्यंत गोष्ट ओढणाऱ्यांची झाली. मी ती माझ्या गावाशी जोडून पाहायला लागलो तेव्हा लक्षात आलं की आमच्याकडे तंबाखूचं सामान कितीतरी वेगळं होतं आणि त्यातलं बरंचसं मी पाहिलेलंही आहे.

आबांची, म्हणजे आजोबांची, चंची अजून पेटीत आहे. कप्पे कप्पे असलेली कापडी पिशवी, गुंडाळून दोरीने बांधायची. एका कप्प्यात पान, एकात सुपारी, एकात कात, एकात तंबाखू, शिवाय चुन्याची डबी. आबांच्या वडिलांकडे चकमक होती. गारगोटीवर पोलादाचा तुकडा घासायचा, ठिणगी कापसावर पाडायची, फुंकर मारून विस्तव धरायचा आणि मग चिलीम. वेल्ह्याच्या पावसात काडेपेटी चार महिने सादळलेली असते, त्यामुळे चकमक बरीच वर्षं टिकली, असं आबा सांगायचे. चिलमीत तंबाखूच्या खाली एक खडा ठेवायचा, म्हणजे जळती तंबाखू ओढीबरोबर तोंडात येत नाही. खालच्या टोकाला ओल्या फडक्याची छापी गुंडाळायची, म्हणजे धूर निवून येतो. खडा, ओलं फडकं. अबुल फतहची पाण्याची युक्ती सोन्याच्या पात्राशिवाय, शेताच्या बांधावर.

विडी त्याहून सुटसुटीत. टेंभुर्णीचं पान सर्वत्र व्हायच्या आधी आपट्याच्या पानातही विड्या वळल्या जायच्या. सिन्नर, संगमनेरला विडीचे कारखाने झाले आणि विडी बंडलात विकत मिळू लागली. ती दिसायला बारकी, पण पान हवा जाऊ देत नाही म्हणून जोरात ओढावी लागते आणि न ओढता ठेवली की विझते. त्यामुळे विडी ओढणारा माणूस झुरक्यांवर झुरके घेतो. पण तिचा खरा उपयोग मला दुसराच दिसतो. भात लावणीला चिखलात वाकलेला गडी नुसताच उभा राहिला तर तो आळशी. विडी पेटवायला उभा राहिला तर त्याला कुणी काही म्हणत नाही. पाच मिनिटांची सुट्टी खिशात घेऊन फिरता यायची.

बायकांना विडी नव्हती. त्यांना मिशरी होती.

मिशरी, काही घरांत मशेरी, ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: तंबाखूची पानं तव्यावर टाकून पूर्ण काळी होईपर्यंत भाजायची, मग कुस्करून पूड करायची, डबीत भरायची. सकाळी बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना घासायची. सांगताना सगळ्या ती दंतमंजन म्हणून सांगतात. प्रत्यक्षात ती घासून लगेच चूळ भरत नाहीत. गालात, हिरडीपाशी तशीच राहू देतात, आणि सकाळी एकदा हे नंतर दुपारी एकदा, कामावरून आल्यावर एकदा, रात्री निजताना एकदा असं होत जातं. निकोटीन हिरडीतून सरळ रक्तात. भाजताना जो धूर होतो आणि पानावर जी काळी राख चढते, त्यात जळण्यातून तयार होणारी तीच कर्करोगकारक द्रव्यं असतात, जी टाळण्यासाठी जगाने वेप शोधलं. मिशरी भाजायच्या दिवशी घरात थांबता येत नाही. ठसका लागतो, डोळे चुरचुरतात. लहानपणी आम्हाला अंगणात हाकलायचे. भाजणारी मात्र चुलीशीच बसलेली असते.

हे फक्त आमच्या घरापुरतं नव्हतं, आणि त्याचा पुरावा पुणे जिल्ह्यातच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत फली मेहता यांचं दंतसंशोधनाचं पथक होतं. १९६० च्या दशकाच्या शेवटी या पथकाने पुणे जिल्ह्यातल्या गावांत घरोघर जाऊन लोकांची तोंडं तपासली. किती? १,०१,७६१. १९७२ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला, डेन्मार्कचे पिंडबोर्गही त्यात सहलेखक होते. मला हा आकडा वाचून पहिल्यांदा खरंच वाटेना. आज एक लाख लोकांचा डेटा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर डेटाबेसचा एक टेबल येतो. तेव्हा एक लाख म्हणजे एक लाख वेळा उंबऱ्याशी बसून, आ करायला सांगून, आत डोकावणं. त्या पाहणीत जवळजवळ ३९ टक्के बायका मिशरी लावणाऱ्या निघाल्या. पुरुषांत हे प्रमाण एक टक्कासुद्धा नव्हतं.

मिशरीचं आणखी एक काम २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा मागोवा घेतला होता. तंबाखू ओढणाऱ्या नव्हे, लावणाऱ्या आणि खाणाऱ्या, आणि त्यातही सर्वांत जास्त वापर मिशरीचा. त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅम कमी वजनाची जन्मली आणि वेळेआधी जन्मण्याचं प्रमाणही जास्त होतं. आमच्याकडे बाळंतिणीला मिशरी बंद करायला कुणी सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही. उलट मळमळ थांबते म्हणून ती लावतात.

कायद्याने मिशरीला हात घालायचा प्रयत्न केला नाही असं नाही. ३० एप्रिल १९९२ ला केंद्राने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरायला बंदी केली, १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. कारखान्यांची तंबाखूची मंजनं त्यामुळे बाजारातून हटवता आली. पण मिशरीला कारखाना लागतोच कुठे? बाजारातून तंबाखू आणली, तवा चुलीवर ठेवला, झालं. सुटी सिगारेट-विडी विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. पाकिटावरचं घशाचं चित्र दिसावं, हा त्यातला एक हेतू. काकूच्या डबीवर कसलंच चित्र नाही. ती मुळात बाळाच्या पावडरीची डबी आहे.

काकू म्हणजे दादाची आई. दादाच्या वेपची चर्चा ओटीवर चालली होती तेव्हा ती आत तांदूळ निवडत होती. आमचं बोलणं ऐकून ती त्याला सिगारेटवरून बोलली, नातीचं नाव घेऊन बोलली. मी तिला तिच्या मिशरीबद्दल विचारलं.

"आरं, मी काय विडी वढती व्हय?" ती म्हणाली. "मिशरी लावती फकस्त. दातासाठी."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि नंतर शोधत गेलो तर आणखीच पंचाईत झाली. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले, आणि तंबाखू खाणारे किंवा लावणारे २४.४ टक्के. बायकांत ओढणाऱ्या १.४ टक्के, खाणाऱ्या-लावणाऱ्या १६.६ टक्के. वेपवर बंदी योग्य की अयोग्य, सिगारेट सोडून वेपकडे जावं की नाही, कोणतं उपकरण बरं, निकोटीन सॉल्ट की साधं, हे सगळे वाद मी इंग्रजीत शेकड्याने वाचले. ते सगळे त्या ३.८ टक्क्यांबद्दल आहेत. धुराकडून वाफेकडे जायचा सल्ला काकूला काय द्यायचा? ती धुरात कधी नव्हतीच. तिला कुणी व्यसनी म्हणत नाही. तिने असद बेगचं ऐकलं नाही, केंटची जाहिरात पाहिली नाही, पण औषध म्हणून आलेली तंबाखू या सगळ्यांत जास्त मुरली ती तिच्याच घरात. दातदुखीवर, मळमळीवर, पोट साफ व्हायला. आणि हेही खरं की पहाटे चारला उठल्यावर दिवसभरात तिचं म्हणून जे काही बसणं असतं, ते मिशरी लावतानाचंच. नाहीतर तिला बसलेली मी पाहिलेली नाही.

त्या सुट्टीत मी मोबाईलचा टॉर्च लावून तिला आ करायला सांगितलं. फली मेहतांच्या पथकाने लाखभर लोकांच्या बाबतीत केलं तेच, फक्त मला काही येत नव्हतं. खालच्या ओठाच्या आत, हिरडीपाशी, पांढरट चट्टा होता. बोटाने पुसून जाईना. ती म्हणाली, लई वर्सं हाये.

पुढच्या आठवड्यात दादाने तिला पिकअपमध्ये घालून भोरला दाताच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्टमध्ये कर्करोग नव्हता. ल्युकोप्लेकिया होता, म्हणजे पुढे बदलू शकेल असा. मिशरी बंद केली तर हा चट्टा मागे जाऊ शकतो, दर सहा महिन्यांनी दाखवा, असं सांगितलं. औषध म्हणून लिहून दिलं ते फारसं काही नव्हतं, आणि काकू त्यामुळे खट्टू झाली. एवढ्या लांब जायचं आणि गोळी नाही.

गोळी नसण्यात तसं नवल नाही. त्याच मेहतांच्या पथकाने, प्रकाश गुप्ता यांच्यासह, नंतर अर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम जिल्ह्यांत ३६ हजारांहून जास्त तंबाखू वापरणाऱ्यांवर एक प्रयोग केला. १९८६ मध्ये तो लॅन्सेटमध्ये आला. त्यात त्यांनी कुठलंही उपकरण दिलं नाही, गम नाही, पॅच नाही. माणसं दरवर्षी घरी जाऊन बोलत होती, तोंड तपासत होती, शिवाय फिल्म, रेडिओ, वर्तमानपत्र. पाच वर्षांत सोडणाऱ्यांचं प्रमाण वाढलं आणि नवीन पांढऱ्या चट्ट्यांचं प्रमाण कमी झालं. मला हा प्रयोग त्या इंग्रजी वेप-चाचणीइतकाच महत्त्वाचा वाटतो, पण त्यावर अनबॉक्सिंग करता येत नाही. विकायला काही नाही.

दादाने शेवटी पाकिटावरचाच नंबर लावला, १८००-११-२३५६. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन, २०१८ पासून प्रत्येक पाकिटावर छापतात. तिकडून त्याला एक तारीख ठरवायला सांगितलं. त्याने मुलीच्या बारशाची तारीख ठरवली, ती गेली, मग पौर्णिमेची ठरवली. औषधाच्या दुकानात दोन मिलिग्रॅमचा निकोटीन गम मिळतो, तो खिशात ठेवतो. कात्रजच्या चढाला ट्रॅफिक अडकली की हात डॅशबोर्डकडे जातो, असं सांगतो. पाकिटावरून तो तीनवर आलाय. हेल्पलाइनवर तंबाखू खाणाऱ्यांशीही बोलतात, हे त्याला तिथेच कळलं, म्हणून त्याने एकदा फोन काकूच्या हातात दिला. पलीकडच्या बाईने मराठीत विचारलं, किती वर्षं लावता? काकूने बराच वेळ हिशोब केला. लग्नाआधीपासून, असं सांगितलं.

सहा महिन्यांची तपासणी फेब्रुवारीत झाली. चट्टा तेवढाच आहे, वाढलेला नाही. दुपारची आणि निजतानाची मिशरी तिने बंद केली आहे, सकाळची चालू आहे. यंदा तिने तंबाखू भाजली ती निम्मीच, आणि नातीला घेऊन सुनेला आधी शेजारच्या घरी पाठवून दिलं.